सातबाऱ्यावर न चढणारा वारसा

(आकाशवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)



बाप गेला की मुले तलाठ्याकडे जातात. वारसाची नोंद होते, फेरफार निघतो, सातबाऱ्यावर नावे चढतात. कुणाच्या वाट्याला विहिरीकडचा तुकडा येतो, कुणाच्या वाट्याला खडकाळ माळ. वाटणी पटली नाही तर कोर्टाचा रस्ता मोकळा असतो. पण एक वारसा असा आहे की, तो आईबाप हयात असताना, आपण जन्माला येण्याच्या आधीच आपल्या नावावर होतो. त्याची नोंद कुठल्या चावडीत नसते, त्यावर हरकत घेता येत नाही आणि तो आपल्याकडे आहे हे पुष्कळांना मरेपर्यंत कळतही नाही. हा वारसा रक्ताचा. रक्ताचा हा उतारा वाचायला शिकवणाऱ्या काही संशोधकांविषयी आणि त्यांच्या कामाचा आपल्या घराशी काय संबंध आहे याविषयी आज बोलायचे आहे.

मी कवी माणूस, शिक्षण बी. ए. पर्यंतचे. पण मी राहतो इस्लापूरला. पैनगंगेवरच्या सहस्रकुंडाजवळचे, किनवट तालुक्यातले हे गाव. आमच्या आठवडी बाजारात गोंड, कोलाम, परधान, आंध, बंजारा, मराठा, बौद्ध, मुसलमान, तेलुगू बोलणारे असे सगळे एकमेकांना खेटून उभे असतात. या भागात राहणाऱ्या माणसाला रक्ताच्या आनुवंशिक आजारांकडे पाठ फिरवून चालत नाही. ते त्याच्या शेजारी राहतात.

रक्तात काय काय असते

रक्त म्हणजे नुसते लाल पाणी नव्हे. त्यात मुख्यतः चार गोष्टी असतात. तांबड्या पेशी प्राणवायू वाहून नेतात. त्यांच्या पोटात हिमोग्लोबिन नावाचे प्रथिन असते. रक्ताचा लाल रंग त्याचाच. पांढऱ्या पेशी रोगजंतूंशी लढतात. तिसऱ्या असतात बिंबिका, म्हणजेच प्लेटलेट. डेंग्यूच्या साथींनी हा शब्द खेड्यापाड्यात घरोघरी पोचवला. मायक्रोलिटरभर, म्हणजे टाचणीच्या टोकावर मावेल एवढ्या रक्तात त्या साधारण दीड ते साडेचार लाख असतात आणि आठ-दहा दिवस जगतात. शिर फुटली की त्या धावत जाऊन भोक बुजवतात. चौथा असतो तो पातळ द्रव, प्लाझ्मा. रक्त गोठवणारे घटक त्यात विरघळलेले असतात.

यांपैकी प्रत्येक गोष्ट कशी बनवायची याच्या सूचना आईकडून एक आणि वडिलांकडून एक अशा जोडीने आपल्याकडे येतात. बहुतेक वेळा एक सूचना चुकली तरी दुसरी काम भागवते. अशा माणसाला काही त्रास होत नाही; त्याला आपण वाहक म्हणू. दोन्हीकडून चुकलेलीच सूचना आली, तर मात्र आजार होतो. आजच्या भाषणातले निम्मे विज्ञान एवढ्यातच आले.

मुंबईतला एक शोध

या विषयातला एक महत्त्वाचा शोध आपल्याच राज्यात लागला. १९५२ साली डॉ. वाय. एम. भेंडे, डॉ. सी. के. देशपांडे आणि डॉ. एच. एम. भाटिया यांनी, इंग्लंडमधल्या संशोधकांच्या साथीने, ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात एका नव्या रक्तगटाची माहिती प्रसिद्ध केली. त्यामागची हकिगत अशी सांगतात की, मुंबईत रेल्वे अपघातात सापडलेला एक माणूस आणि भोसकला गेलेला दुसरा, अशा दोघांना रक्त द्यायचे होते. पण कुणाचेच रक्त जुळेना. दीडशेहून अधिक लोकांचे रक्त तपासले, तेव्हा कुठे एकाचे जुळले. जगभर हा गट आता ‘बॉम्बे ब्लड ग्रुप’ म्हणून ओळखला जातो.

त्यात घडते ते असे. आपल्या तांबड्या पेशींवर एच नावाचा एक पदार्थ असतो. तो चौथऱ्यासारखा. त्यावर ए चे बांधकाम झाले की ए गट, बी चे झाले की बी, दोन्ही झाले की एबी. आणि नुसता चौथरा राहिला की ओ. बॉम्बे गटाच्या माणसाकडे हा चौथराच नसतो. नेहमीच्या चाचणीत त्याचे रक्त ‘ओ’ दिसते. मात्र त्याला ओ गटाचे रक्त दिले तर त्याचे शरीर त्या एच वर तुटून पडते आणि जीव धोक्यात येतो. त्याला चालते फक्त बॉम्बे गटाचे रक्त. भारतात अशी माणसे साधारण दहा हजारांत एक, युरोपात दहा लाखांत एक असल्याचे सांगितले जाते. आईवडील दोघेही वाहक असतील तरच असे मूल जन्मते, हे ध्यानात ठेवा. पुढे उपयोगी पडेल.

याच डॉ. भाटियांच्या पुढाकाराने भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेचे रक्तगट संदर्भ केंद्र १९५७ मध्ये मुंबईत उभे राहिले. १९८२ मध्ये त्याची संस्था झाली, आणि परळच्या के. ई. एम. रुग्णालयाच्या आवारातली ही संस्था पुढे नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ इम्युनोहिमॅटॉलॉजी या लांबलचक नावाने ओळखली गेली. रक्तगटापासून सुरू झालेले तिचे काम हिमोग्लोबिन, रक्त न गोठण्याचे आजार आणि प्लेटलेटचे दोष इथपर्यंत पसरत गेले. रक्ताच्या संशोधनात असेच होते. एका थेंबासाठी सूक्ष्मदर्शकावर वाकलेला माणूस दुसऱ्या आजाराच्या दारात जाऊन पोचतो.

इळ्याच्या आकाराची पेशी

आता आपल्या भागाकडे वळू. १९१० साली शिकागोचे डॉ. जेम्स हेरिक यांनी एका रुग्णाच्या रक्ताचे वर्णन छापले. रुग्ण होता वॉल्टर क्लेमेंट नोएल, वेस्ट इंडीजमधल्या ग्रेनाडा बेटावरून दंतवैद्यकी शिकायला आलेला तरुण. त्याच्या तांबड्या पेशी गोल नव्हत्या. विळ्यासारख्या, आपण म्हणतो त्या इळ्यासारख्या वाकलेल्या होत्या. म्हणून या आजाराचे नाव पडले सिकलसेल.

१९४९ मध्ये लायनस पाउलिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवले की दोष पेशीच्या भिंतीत नसून आतल्या हिमोग्लोबिनमध्ये आहे. पुढे १९५६-५७ मध्ये व्हर्नन इनग्राम यांनी तो दोष नेमका शोधून काढला. हिमोग्लोबिनच्या एका साखळीत १४६ मणी असतात. त्यातला सहावा मणी बदललेला असतो. एकच. आम्हा कवींना याचे नवल वाटायला नको. ‘वर’ या शब्दातल्या ‘र’ चा ‘ळ’ झाला की वरदानाचा पाठीवरचा वळ होतो. इथेही एका अक्षराने तेच केले आहे.

प्राणवायू कमी झाला, अंगातले पाणी घटले, थंडी वाजली किंवा जोराचा ताप आला की हे बिघडलेले हिमोग्लोबिन एकमेकांना चिकटून त्याच्या काड्या बनतात आणि पेशी वाकते. निरोगी तांबडी पेशी १२० दिवस जगते, वाकलेली दहा-वीस दिवसांत मरते. त्यामुळे रक्त कमी पडते, डोळे पिवळे दिसतात. वाकलेल्या पेशी बारीक शिरांत अडकल्या की पुढचा रक्तप्रवाह थांबतो आणि हाडासांध्यांत असह्य वेदना उठतात. तान्ह्या मुलांचे हातपाय सुजतात. काहींची प्लीहा वाढते, काहींना अर्धांगाचा झटका येतो.

आपल्याकडे या वेदनेला किती नावे मिळाली! कुणी आमवात म्हटले, कुणी बाहेरची बाधा म्हटली, कुणी भानामती. कुणी तापलेल्या सळईने पोटावर डाग दिले. पोर मात्र कापूस वेचता वेचता उन्हात बसून पडायचे, आणि कामचुकार ठरायचे.

पाड्यापाड्यावरचे संशोधन

भारतात हा आजार आहे हे प्रथम १९५२ मध्ये लक्षात आले, निलगिरीच्या डोंगरातल्या आदिवासींमध्ये. महाराष्ट्रात नागपूरचे डॉ. शुक्ला आणि डॉ. सोलंकी यांनी १९५८ मध्ये मध्य भारतातल्या सिकलसेलविषयी ‘लॅन्सेट’मध्ये लिहिले. त्यानंतर ज्यांनी आपले संशोधन प्रयोगशाळेतून उचलून डोंगरदऱ्यांत नेले, त्यांत डॉ. सुदाम काटे यांचे नाव मोठे आहे. पुण्याच्या बी. जे. वैद्यकीय महाविद्यालयात आणि नंतर हडपसरच्या महाराष्ट्र आरोग्य मंडळात त्यांनी काम केले. १९७० च्या दशकापासून ते आणि त्यांचे सहकारी राज्याच्या आदिवासी भागांत रक्ताचे नमुने गोळा करत राहिले: तेव्हाच्या धुळे जिल्ह्यातल्या, म्हणजे आजच्या नंदुरबारच्या सातपुड्यात, विदर्भात आणि इतरत्र. २०१९ मध्ये त्यांना पद्मश्री जाहीर झाली.

हे काम कसे चालते ते समजून घेण्यासारखे आहे. बोटाला सुई टोचून रक्ताचा थेंब घेतात आणि काचनळीतल्या एका द्रावणात टाकतात. नळीच्या मागे ठळक रेघा ओढलेला कागद धरतात. रेघा आरपार दिसल्या तर हिमोग्लोबिन चांगले. द्रावण गढूळ झाले आणि रेघा दिसेनाशा झाल्या, तर सिकलचे हिमोग्लोबिन आहे. पण एवढ्यावरून माणूस वाहक आहे की रुग्ण, हे कळत नाही. त्यासाठी दुसरी चाचणी लागते. तीत विजेच्या प्रवाहात हिमोग्लोबिन पळवतात. चांगले आणि बिघडलेले वेगवेगळ्या अंतरावर जाऊन थांबते आणि त्यांचे वेगळे पट्टे दिसतात. दोन पट्टे दिसले तर वाहक, फक्त बिघडलेल्याचा पट्टा दिसला तर रुग्ण. इतके साधे तंत्र. पण ते हजारो माणसांपर्यंत न्यायचे, लोकांना त्यांच्या बोलीत पटवायचे, रक्त घेतल्याने शक्ती जात नाही हे पुन्हा पुन्हा सांगायचे आणि मिळालेले उत्तर त्यांना परत नेऊन द्यायचे, यात माणसाचे आयुष्य खर्ची पडते.

२००२ साली डॉ. काटे आणि लिंगोजवार यांनी राज्याचे एकत्रित चित्र मांडले. वेगवेगळ्या जमातींत वाहकांचे प्रमाण शून्यापासून ३५ टक्क्यांपर्यंत आढळले. भिल्ल, पावरा, माडिया, परधान आणि ओतकर यांच्यात ते २० ते ३५ टक्के होते. गडचिरोली, चंद्रपूर, नागपूर, भंडारा, यवतमाळ आणि नंदुरबार या प्रत्येक जिल्ह्यात पाच हजारांहून अधिक रुग्ण असावेत, असा त्यांचा अंदाज होता. यवतमाळ म्हणजे आमच्या पैनगंगेचा पलीकडचा काठ. नदी ओलांडताना आजार काही तिकीट काढत नाही.

आता कुणी विचारेल, हा दोष याच माणसांच्या वाट्याला का? उत्तर १९५४ मध्ये अँथनी अॅलिसन यांनी पूर्व आफ्रिकेतल्या अभ्यासातून दिले. सिकलच्या वाहकाला जीवघेण्या हिवतापापासून बरेच संरक्षण मिळते. जिथे दाट जंगल आणि पिढ्यान्‌पिढ्यांचा हिवताप, तिथे वाहक जास्त जगले, त्यांची लेकरे वाढली. म्हणजे ज्याला आपण डाग समजतो, ती एके काळी ढाल होती. दोन्ही हातांत ढाल घेतलेल्याला मात्र लढता येत नाही, एवढेच.

आणखी एक गोष्ट मला फार बोलकी वाटते. भारतातल्या आदिवासींमध्ये सापडणाऱ्या सिकलच्या गुणसूत्राची जी खास घडण आहे, तीच सौदी अरेबियाच्या पूर्व भागात सापडते. शास्त्रज्ञ तिला ‘अरब-इंडियन’ म्हणतात. या घडणीत बाळपणीचे हिमोग्लोबिन मोठेपणीही जास्त टिकते, त्यामुळे पुष्कळांचा आजार आफ्रिकेतल्या रुग्णांपेक्षा थोडा सौम्य असतो. पण सगळ्यांचा नव्हे. कुठे सातपुडा, कुठे अरबस्तानचा किनारा! आपण जात, धर्म, देश यांच्या भिंती उभ्या करतो, आणि रक्त त्यांच्या खालून केव्हाच वाहून गेलेले असते.

नाण्याचा हिशेब

वाहक असणे म्हणजे आजारी असणे नव्हे. वाहक शेती करतो, नोकरी करतो, म्हातारा होतो. प्रश्न येतो तो दोन वाहकांचे लग्न झाले तर. हिशेब नाण्याचा आहे. आईच्या हातात एक नाणे, बापाच्या हातात एक. छाप म्हणजे चांगली सूचना, काटा म्हणजे बिघडलेली. दोघांनी आपापले नाणे उडवले. दोन्ही छाप पडण्याची शक्यता चारात एक: मूल पूर्ण निरोगी. एक छाप, एक काटा, ही शक्यता चारात दोन: मूल वाहक. दोन्ही काटे, चारात एक: मूल रुग्ण.

इथे एक गैरसमज हटकून होतो. पहिले मूल आजारी निघाले, म्हणजे आता पुढची तीन ठणठणीत होणार, असे लोक धरून चालतात. नाण्याला मागची आठवण नसते. प्रत्येक गरोदरपणात नाणी नव्याने उडतात, आणि प्रत्येक वेळी धोका तितकाच, चारात एक.

ज्या समाजात शंभरात तीस वाहक आहेत, तिथे काही न पाहता लग्ने जुळवली तर शंभरातली सुमारे नऊ लग्ने दोन वाहकांची होतील. अशा जोडप्यांना गरोदरपणाच्या दहाव्या-बाराव्या आठवड्यात गर्भाची तपासणी करून घेता येते. परळच्या संस्थेत डॉ. रोशन कोला आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हिमोग्लोबिनच्या आजारांसाठी अशा तपासणीचे मोठे काम केले. पण तालुक्याहून मुंबईला जाणे, वेळेत जाणे आणि तिथे निर्णय घेणे हे गरिबाला किती जड असते, ते सांगायला नको. त्यामानाने लग्नाआधी रक्त तपासणे सोपे.

ज्यांना आजार आहे त्यांच्यासाठी मार्ग नाहीत असे नाही. भरपूर पाणी, वेळेवर लसी, फॉलिक अॅसिडची गोळी, ताप आला तर लगेच दवाखाना. हायड्रॉक्सीयुरिया या औषधाने बाळपणीच्या हिमोग्लोबिनचे प्रमाण वाढते आणि वेदनेचे झटके कमी होतात. भारतीय मुलांना त्याची कमी मात्राही लागू पडते, हे नागपूरच्या डॉ. दीप्ती जैन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१२ च्या सुमारास दाखवले. २०२३ च्या अखेरीस ब्रिटन आणि अमेरिकेने जनुकातच दुरुस्ती करणाऱ्या उपचाराला मान्यता दिली. अमेरिकेत त्याची किंमत सुमारे २२ लाख डॉलर ठेवली गेली. विज्ञान दारापर्यंत आले आहे. दाराची कडी अजून फार उंचावर आहे.

घोळणा फुटतो तेव्हा

आतापर्यंत तांबड्या पेशींचे सांगितले. आता प्लेटलेटकडे येतो, कारण या आजारांची ओळख आपल्याकडे फारच कमी आहे.

लहान पोराचा घोळणा फुटला की आपण कांदा फोडून हुंगवतो, डोक्यावर गार पाणी थापतो. बहुधा रक्त थांबतेही. पण काही मुलांचे थांबत नाही. दात पडला की दिवसभर तोंडातून रक्त. किरकोळ मारावर अंगभर काळेनिळे डाग. सुंता झाली, कान टोचले, की घरात रडारड. १९१८ साली स्वित्झर्लंडचे बालरोगतज्ज्ञ एडुआर्ड ग्लांझमान यांनी अशा मुलांचा अभ्यास केला आणि एक विचित्र गोष्ट नोंदवली. या मुलांच्या प्लेटलेट संख्येने पुरेशा होत्या, पण कामाला दुबळ्या होत्या. १९४८ मध्ये बर्नार आणि सुलिये या फ्रेंच डॉक्टरांनी दुसरा प्रकार वर्णन केला. त्यात प्लेटलेट आकाराने मोठ्या असतात, पण फुटलेल्या शिरेच्या भिंतीला चिकटू शकत नाहीत.

ग्लांझमानच्या आजाराचे कोडे पुढे १९७० च्या दशकात सुटले. प्लेटलेटच्या अंगावर एक पकड असते. ती पकड रक्तातल्या फायब्रिनोजेनच्या दोरीला धरते, आणि दोरीला धरून प्लेटलेट एकमेकींशी साखळी करतात. पुरात गावकऱ्यांनी दोर धरून उभे राहावे तशा. या आजारात ती पकडच नसते किंवा निकामी असते. हे कळल्यावर शास्त्रज्ञांनी उलटा विचार केला. हृदयविकारात नको तिथे गुठळी होते. मग ही पकड औषधाने थोडा वेळ बांधून ठेवली तर? त्यातून औषध निघाले, आणि १९९४ मध्ये त्याला अमेरिकेत मान्यता मिळाली. लाखांत एखाद्या मुलाला होणाऱ्या आजाराच्या अभ्यासाने हृदयाच्या रुग्णांना औषध दिले. ‘एवढ्या दुर्मिळ रोगावर सरकारने पैसा कशाला घालवायचा?’ असे विचारणाऱ्याला हे एक उत्तर पुरे.

परळच्या संस्थेत डॉ. दीपिका मोहंती, डॉ. कांजाक्ष घोष, डॉ. श्रीमती शेट्टी यांनी रक्तस्रावाच्या अशा आनुवंशिक आजारांवर वर्षानुवर्षे काम केले: हिमोफिलिया, व्हॉन विलेब्रँडचा आजार आणि ग्लांझमानचा आजार. कुटुंबात दोष कुठून आला ते शोधणे, वाहक ओळखणे, पुढच्या बाळाविषयी सल्ला देणे. अलीकडच्या वर्षांत तिथे हिमोफिलिया आणि व्हॉन विलेब्रँड ओळखण्यासाठी थोड्या रक्तावर जागच्या जागी करता येणारी पट्टीची चाचणीही विकसित झाली. आमच्यासारख्या आडगावांना अशाच गोष्टींची गरज आहे.

यात सगळ्यात जास्त भोगतात त्या मुली. मुलाचे रक्त नाकातून गेले की चारचौघांत दिसते. मुलगी वयात आली आणि अंगावरून फार जायला लागले, तर ती कुणाला सांगत नाही. आई म्हणते, ‘बायकांच्या जातीला हे असतंच.’ पाळी सात दिवसांहून जास्त लांबते, तासातासाला कपडा बदलावा लागतो, मुलगी पांढरीफटक पडते, शाळा सुटते. दवाखान्यात रिपोर्ट काढला तर ‘काउंट नॉर्मल’. साहजिक आहे, मोजणीत प्लेटलेट बरोबरच भरतात, त्यांचे काम मोजायला वेगळी चाचणी लागते आणि ती मोठ्या शहरातच होते. म्हणून मायबहिणींना सांगणे आहे: पाळीचे असे रक्त आणि त्याबरोबर घोळणा फुटणे, हिरड्यांतून रक्त, अंगावर डाग, घरात दुसऱ्या कुणाला असा त्रास, हे सगळे डॉक्टरांना एका दमात सांगा. आणि अशा मुलीला दुखण्यावर मनाने अॅस्पिरिनसारखी गोळी देऊ नका. ती प्लेटलेटला आणखी लुळे करते.

नात्यातली लग्ने

ग्लांझमानचा आजार जगात सगळीकडे दुर्मिळ आहे. पण काही ठिकाणी त्याचे पुंजके सापडतात: इराकमधून आलेले ज्यू, जॉर्डन-पॅलेस्टाइनमधले अरब, फ्रान्समधले भटके जिप्सी आणि आपला दक्षिण भारत. या सगळ्यांत समान काय? जवळच्या नात्यात होणारी लग्ने.

सख्ख्या चुलत, मावस, मामे किंवा आते भावंडांत आनुवंशिक सूचनांचा आठवा हिस्सा सारखा असतो. मामा-भाचीत चौथा. आजोबांकडे एखादी दुर्मिळ बिघडलेली सूचना असेल, तर ती दोन नातवंडांकडे येते. ती दोघे बाहेर लग्न करतील तर तिथेच विरून जाईल. त्यांचे एकमेकांशी लग्न झाले, तर दोन्ही नाणी काट्यावर पडण्याची वाट मोकळी झाली. बॉम्बे रक्तगटाचेही गणित हेच.

आमच्या मुसलमानांत चाचा-मामू-खालाच्या मुलांची लग्ने होतात. पुष्कळ हिंदू समाजांत मामाच्या मुलीवर भाच्याचा हक्क मानतात, आणि तेलंगणाच्या सीमेवर मामा-भाचीची लग्नेही होतात. कारणे सारखीच: घरची मुलगी घरात राहते, शेत तुटत नाही, देण्याघेण्याचा बोजा पडत नाही. या कारणांना मी हसणार नाही, गरिबीत त्यांना वजन आहे. माझ्या समाजाला एवढेच सांगतो की धर्माने चुलत-मावस भावंडांचे लग्न मना केलेले नाही हे खरे, पण ते करावेच असे बंधनही घातलेले नाही. इराणने १९९७ पासून थॅलेसेमियासाठी आणि सौदी अरेबियाने २००४ पासून सिकलसेल व थॅलेसेमियासाठी लग्नाआधीची तपासणी सक्तीची केली. तिथे धर्म आडवा आला नाही, तर इथे का यावा?

मात्र इथे दोन आजारांतला फरक नीट पाहिला पाहिजे. दुर्मिळ दोषात नात्याबाहेर लग्न केले की धोका जवळजवळ संपतो. सिकलसेलचे तसे नाही. जिथे शंभरात तीस वाहक आहेत, तिथे दहा कोस लांबची, कसलेही नाते नसलेली मुलगीसुद्धा वाहक असू शकते. तिथे ‘नात्यात करू नका’ एवढा उपदेश अपुरा आहे. तिथे रक्तच तपासावे लागते.

कार्ड कुणाच्या हातात?

१ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातल्या शहडोल येथून राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन मोहीम सुरू झाली. ४० वर्षांपर्यंतच्या सात कोटी लोकांची तपासणी आणि २०४७ पर्यंत आजाराचे निर्मूलन, असे तिचे उद्दिष्ट ठेवले गेले. तपासणी झालेल्याला कार्ड मिळते. लग्न ठरवताना दोघांची कार्डे शेजारी ठेवायची आणि पाहायचे, अशी कल्पना आहे.

कल्पना चांगली आहे. पण कार्ड हे दुधारी असते. ग्रीसमधल्या ऑर्कोमेनोस या गावी पूर्वी अशीच तपासणी झाली होती. नंतर संशोधकांनी जाऊन पाहिले, तर वाहकांवर शिक्का बसला होता. लग्ने जुळावीत म्हणून लोक आपला निकाल लपवत होते, आणि दोन वाहकांची लग्ने काही कमी झाली नव्हती. तपासणी झाली, समजूत पोचली नाही.

आपल्याकडे तर शिक्का मारायला माणसे टपलेलीच असतात. आजार एखाद्या जमातीचा ठरवायचा, त्यातही मुलीचा ठरवायचा, हे आपल्याला सोपे जाते. म्हणून दोन गोष्टी लख्ख सांगायला हव्यात. वाहक मुलीचे निरोगी मुलाशी लग्न झाले, तर एकही मूल सिकलचे रुग्ण होत नाही. वाहक मुलालाही हेच लागू आहे. तेव्हा ‘वाहक आहे म्हणून नको’ हे अज्ञान आहे. ‘दोघेही वाहक आहोत, तर आधी सल्ला घेऊ’ हे शहाणपण. आणि आजारी मूल जन्मले तर दोष एकट्या आईचा कधीच नसतो. सिकलमध्ये, ग्लांझमानमध्ये निम्मे बापाकडूनच आलेले असते. हिमोफिलिया आईकडून मुलाकडे येतो खरा, पण सुमारे एकतृतीयांश रुग्णांच्या घरात आधी कुणालाच तो नसतो.

तपासणीची वेळही महत्त्वाची. साखरपुडा झाला, मंगनी झाली, पत्रिका वाटल्या आणि मग रक्त तपासले, तर मोडलेल्या लग्नाचे खापर मुलीच्या डोक्यावर फुटते. हे काम शाळा-कॉलेजच्या वयात व्हावे. निकाल आधी मुलामुलींच्या स्वतःच्या हातात पडावा, आणि त्याचा अर्थ त्यांना मराठीत, गोंडीत, बंजारा बोलीत, दखनीत समजावून मिळावा.

ज्यांच्या घरी रुग्ण आहे त्यांच्यासाठी एक माहिती. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या २१ प्रकारांत सिकलसेल, थॅलेसेमिया आणि हिमोफिलिया या तिन्हींचा समावेश आहे. जिल्हा रुग्णालयात त्याच्या प्रमाणपत्राची चौकशी करा. तो हक्क आहे.

लग्नाच्या बैठकीत आपण काय काय विचारतो! जमीन किती, नोकरी कुठे, सोने किती, वऱ्हाड किती आणणार. रात्री बारापर्यंत बोलणी चालतात, चहाच्या फेऱ्या होतात. त्याच सतरंजीवर दोन कार्डे शेजारी ठेवायला पाच मिनिटे लागतात. भेंडे, भाटिया, शुक्ला, सोलंकी, काटे आणि परळच्या प्रयोगशाळेत वाकून बसलेल्या कितीतरी माणसांनी आपल्याला ती पाच मिनिटे मिळवून दिली आहेत. ती वापरायची की नाही, हे आता आपल्यावर आहे.